पूर्णेचा इतिहास पूर्णेकरांनीच लिहायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर 17 सप्टेंबरला आपल्या दैनिकात हैदराबाद मुक्तिसंग्रामावर खास पानं येतात. ती मी कापून ठेवते. 2023 साली या मुक्तीला 75 वर्षं झाली, तेव्हा मराठवाडाभर ध्वजारोहणं झाली, व्याख्यानं झाली, शाळेच्या लेकरांनी प्रभातफेऱ्या काढल्या. पण परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पूर्णेसारख्या गावाबद्दल त्या वर्षात एखादं पुस्तक, निदान एखादी जाडशी वही तयार झाली का, याची मी चौकशी केली तेव्हा कुणालाच काही सांगता आलं नाही. ही खंत मनात असतानाच मला काही महिने परदेशात राहण्याचा योग आला. तिथल्या लोकांनी आपल्या प्रांताची पंच्याहत्तरी गावोगावचे इतिहास लिहून साजरी केली होती. ते पाहिल्यापासून हे पत्र डोक्यात घोळत आहे. थोडं लांबेल, पण कृपया छापावं.

माझी लेक आणि जावई कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात मूस जॉ या शहरात राहतात. शहर म्हणायचं एवढंच, कारण वस्ती 33 हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण पूर्णेएवढीच. चहूबाजूंनी सपाट माळ, त्याला तिकडे प्रेअरी म्हणतात. पूर्वी तो सगळा गवताचा होता, आता गहू, मोहरीच्या जातीचं कॅनोला, वाटाणा आणि मसूर. आपल्या किराणा दुकानातल्या मसुरीचा मोठा हिस्सा याच प्रांतातून येतो. तिकडचा पिवळा वाटाणा स्वस्तात आला की आपल्या तुरीचे भाव पडतात, म्हणून आपले शेतकरी ओरडतात. ती ओरड खरी आहे. पण तो वाटाणा पिकवणारी माणसं कोण, त्यांची गावं कशी, याची मला काहीच कल्पना नव्हती.

मी रेल्वेवाल्याची मुलगी. माझे वडील, अण्णा, पूर्णेच्या लोको शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे मूस जॉमध्ये माझं लक्ष आधी रुळांकडे गेलं. त्या शहराची जन्मकथा ऐकली तेव्हा ती ओळखीची वाटली, कारण तिथेही रेल्वे आल्यामुळेच गाव वसलं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग 1882 साली त्या भागात पोचला. दोन प्रवाहांच्या संगमाजवळ पाण्याची सोय होती, म्हणून ती जागा धरली. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचंच, आणि शे-सव्वाशे मैलांनंतर इंजिन आणि त्याच्यावरची माणसंही बदलावी लागत. मग तिथे शेड आली, कर्मचाऱ्यांची घरं आली, खाणावळी आल्या, दुकानं आली. 1901 साली दीड हजार वस्ती होती ती 1911 च्या खानेसुमारीत तेरा हजारांवर गेली. मधल्या काळात, 1903 मध्ये, त्याला शहराचा दर्जाही मिळाला.

आता पूर्णा बघा. निजामाच्या रेल्वेचा सिकंदराबाद–मनमाड हा मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा, मार्ग 1900 च्या सुमारास झाला. नदी जवळच होती. पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. शेड, कॉलनी, बाहेरगावच्या ड्रायव्हर-गार्डांनी विसावा घ्यायची रनिंग रूम, इंजिनात पाणी भरायचे ते सोंडेसारखे लोखंडी नळ, सगळं त्याच कारणांनी आलं ज्या कारणांनी मूस जॉला आलं. निजामाची रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. पाट्या बदलत गेल्या. आमच्या क्वार्टरच्या दाराशी मात्र रात्री-बेरात्री कंदील घेऊन कॉलबॉय यायचाच. अण्णांचं नाव पुकारून वहीवर सही घ्यायचा. आई तेव्हाच चूल पेटवायची. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. अण्णा डबा घेऊन अंधारात निघून जायचे आणि अकोल्याकडे गेले की सिकंदराबादकडे, हे आम्हाला सकाळी आईकडून कळायचं. प्रवासी गाडीच्या वायपी इंजिनाची शिट्टी वेगळी, मालगाडीच्या वायजीची वेगळी, असं अण्णा म्हणत. माझ्या धाकट्या भावाला तो फरक घरात बसून ओळखता यायचा.

आमच्या ओळीत एक तेलुगू बोलणारं घर होतं, त्यापुढे ख्रिस्ती कुटुंब, मग हिंगोलीकडचे एक गार्ड, मग एक मुसलमान फिटर. मोहरमचे पंजे आमच्या आया मुलांना घेऊन बघायला जात आणि गणपतीच्या आरतीला ती सगळी घरं येत. चौदा एप्रिलला मिरवणूक निघाली की कॉलनीतली लेकरं तिच्यामागून स्टेशनापर्यंत जात. हे मी आज लिहिते आहे म्हणून कागदावर आलं. त्या ओळीतली बहुतेक माणसं आता या जगात नाहीत, आणि त्यांची मुलं हैदराबाद, अकोला, पुणे अशी कुठेकुठे पांगली आहेत. नव्वदच्या दशकात मनमाडकडचा मार्ग रुंद झाला, वाफेची इंजिनं गेली. अकोल्याकडचा मार्ग 2008 साली रुंद झाला. 2003 मध्ये नांदेडला रेल्वेचा विभाग झाला आणि मोठ्या साहेबांची दफ्तरं तिकडे गेली. गाड्या वाढल्या, ते चांगलंच आहे. पण शेडच्या भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव आता पंचावन्न-साठच्या पुढच्या माणसांच्या डोक्यातच उरलं आहे.

मूस जॉलाही हे चुकलं नाही. जानेवारी 1990 मध्ये तिथली प्रवासी गाडी बंद झाली. मालगाड्या आजही लांबच्या लांब जातात, पण तिकीट काढून बसावं अशी एकही गाडी नाही. स्टेशनाची देखणी इमारत तेवढी उभी आहे आणि तिच्यात पुढे दारूचं दुकान निघालं. ते बघून मला फार वाईट वाटलं. आसपासच्या खेड्यांवर तर याहून कठीण वेळ आली. त्या माळावर दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन असायचं, कारण शेतकऱ्याला घोडागाडीतून धान्य घालून दिवसाउजेडी घरी परतता आलं पाहिजे. प्रत्येक स्टेशनाशी लाकडाचं उंच धान्य-कोठार. गाडी तिथे रिकामी करायची, पट्ट्यावरच्या बादल्या धान्य वर नेत, वेगवेगळ्या कप्प्यांत सोडत, आणि वॅगन आली की तेच धान्य आपल्या भारानं खाली उतरे. 1930 च्या दशकात एकट्या सस्कॅचवानमध्ये अशी तीन हजारांवर कोठारं होती. 1923-24 मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पुढे त्यांतली बरीच कोठारं त्या संस्थेची झाली. नंतर ट्रक मोठे झाले, आणि धान्याच्या रेल्वेभाड्यातली जुनी सवलत 1995 मध्ये संपली. फाट्यांचे रूळ उखडले, कोठारं पाडली, खेडी ओस पडली. आपल्याकडच्या मिरखेल, पिंगळी, चुडावा या स्टेशनांची मला तिथे सारखी आठवण यायची.

मात्र त्या लोकांनी एक गोष्ट वेळेवर केली. सस्कॅचवान प्रांत 1905 साली झाला. 1955 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हाच काही गावांनी आपले इतिहास लिहिले होते. 1980 मध्ये 75 वर्षं झाली तेव्हा तर गावोगाव समित्या बसल्या. त्यात इतिहासाचे प्राध्यापक कमी होते. शेतकरी, त्यांच्या बायका, निवृत्त शिक्षिका, टपाल कचेरीतले लोक, चर्चमधल्या महिला मंडळातल्या बायका असे लोक होते. त्यांनी प्रत्येक घराला सांगितलं की तुमच्या घराची हकिकत तुम्हीच लिहून द्या. सोबत एखादा फोटो द्या. मग ते सगळं आडनावांच्या क्रमानं लावलं, वर्गणी काढली आणि छापलं. काही पुस्तकं जाडजूड, कापडी बांधणीची आहेत. मूस जॉच्या सार्वजनिक ग्रंथालयात ती मला बघायला मिळाली. लेक कामावर गेली की मी तिथे जाऊन बसायची. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, पण ही पुस्तकं सोपी आहेत, कारण लिहिणारी माणसं साधी आहेत.

त्यात काय असतं ते सांगते. कोण कुठल्या देशातून आलं, कोणत्या साली जमीन मिळाली. 1872 च्या कायद्यानं दहा डॉलर भरून 160 एकर मिळायचे, पण तिथे घर बांधून राहायचं आणि ठरावीक जमीन नांगराखाली आणायची अट होती. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापून त्यांच्या भिंती रचलेली घरं. पहिला हिवाळा. कोणत्या सालच्या साथीत घरातलं कोण गेलं. शेजाऱ्यानं कोठार बांधायला कशी मदत केली. शरद ऋतूत सुगी संपली की गावाच्या सभागृहात सगळ्यांचं एकत्र जेवण व्हायचं, प्रत्येक घरातून काहीतरी शिजवून यायचं. ही प्रथा बऱ्याच गावांत आजही आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, म्हणून मला त्यातलं शाळांचं प्रकरण सर्वांत आवडलं. माळावर काही मैलांवर एकेक एकखोली शाळा असायची. सगळे वर्ग एका बाईंकडे, आणि बाई शेजारच्या शेतकऱ्याच्या घरी राहायला. कोणत्या साली कोण शिकवायला होतं याची पूर्ण यादी पुस्तकात दिलेली असते, एका वर्षापुरत्या येऊन गेलेल्या बाईंचंही नाव गाळलेलं नसतं. आपल्याकडे ज्या शिक्षकांनी पूर्णा तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर पिढ्या घडवल्या, त्यांची नावं कुठे सापडतील? शाळेच्या कपाटात, जुन्या रजिस्टरांत, जर ती वाळवीनं खाल्ली नसतील तर. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून निजामकाळातली उर्दू आणि मोडीतली दफ्तरं बाहेर निघाली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या पणजोबाचं नाव सरकारी कागदावर आहे. त्या दाखल्यांचं काय व्हायचं ते होवो, पण कागद जपला तर काय हाती लागतं हे त्या निमित्तानं सगळ्या मराठवाड्याला दिसलं.

दुष्काळाची पानं वाचताना मी खूप वेळ थांबले. 1930 च्या दशकात त्या माळावर वर्षानुवर्षं पाऊस नव्हता. गव्हाचा भाव पडलेला, मातीची वादळं, दिवसा दिवे लावायची वेळ. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपलेले. पूर्वेकडच्या प्रांतांनी आगगाडीनं मदत पाठवली, सफरचंदं आणि खारवलेला कॉड मासा. समुद्र कधी न पाहिलेल्या त्या बायकांना तो मासा शिजवायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. हे वाचलं आणि मला 1972 आठवलं. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची म्हणून आमच्या शेजारच्या मावशी रडायच्या. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. खडी फोडून सोललेले हात. त्यांच्या बायकांनी खारवलेल्या माशाची गोष्ट लिहून ठेवली, म्हणून ती मी इतक्या वर्षांनी तिथे बसून वाचू शकले. मिलोची भाकरी थापणाऱ्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांना आपण कधी विचारलं? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती बातमी देशभर गाजली. त्या पाण्यासाठी रांगेत उभं राहिलेल्या घरांनी आपलं काही लिहिलं आहे का?

या पुस्तकांत एक मोठी उणीव आहे आणि ती आपण आधीच ओळखली पाहिजे. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांचाच इतिहास त्यांत आला. तो माळ मुळात क्री आणि इतर आदिवासी जमातींचा. 1874 मध्ये सरकारनं त्यांच्याशी जमिनीचा करार केला, त्याला तिकडे ‘करार क्रमांक चार’ म्हणतात, पाच-सहा वर्षांत रानगव्यांचे कळप संपले, आणि माणसं राखीव जमिनींवर ढकलली गेली. त्यांची लेकरं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली. जुन्या गावपुस्तकांत याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. चिनी लोकांचंही तेच. रेल्वेच्या बांधकामाला ते चालले, मग 1885 पासून त्यांच्यावर प्रवेशासाठी डोईपट्टी बसली, ती 1903 मध्ये 500 डॉलरवर गेली. 1912 मध्ये सस्कॅचवाननं कायदा केला की चिनी मालकानं गोऱ्या बाईला कामावर ठेवायचं नाही. मूस जॉच्याच क्वाँग विंग नावाच्या खाणावळवाल्याला त्याखाली शिक्षा झाली आणि 1914 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. आता तिथे हे उघडपणे शिकवलं जातं. 2021 पासून 30 सप्टेंबर हा दिवस निवासी शाळांची आठवण ठेवण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर पाळतात. पण जी म्हातारी माणसं 1980 मध्ये सांगू शकली असती आणि ज्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही, ती आता कुठून आणायची?

म्हणून आपल्या पुस्तकाची सुरुवात पेठेतल्या वाड्यांपासून आणि सत्कारमूर्तींपासून करू नये, असं मला कळकळीनं वाटतं. बाजार समितीतले हमाल, रुळांवरचे गँगमन, बंजारा तांड्यांवरून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी, बुद्धविहाराच्या भोवतीची वस्ती, जिनं पूर्णेला धम्माचं केंद्र म्हणून ओळख दिली, ही घरं आधी. नामांतराच्या काळात, 1978 मध्ये, मराठवाड्यात ज्यांची घरं जळाली त्यांच्यातलं कुणी आपल्याकडे येऊन राहिलं असेल तर ती हकिकत हवी. रझाकारांच्या काळात गाव सोडून पळालेल्यांची हवी, आणि सप्टेंबर 1948 नंतर ज्या मुसलमान कुटुंबांवर संकट आलं त्यांचीही हवी. दोन्ही एकाच पुस्तकात, शेजारी शेजारी. आमच्या ओळीत ती माणसं शेजारी शेजारीच राहत होती.

काम कसं करता येईल याचाही विचार केला आहे. शाळांनी आठवी-नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एकच काम द्यावं. घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वयस्क माणसाशी बोलून दोन पानं लिहून आणायची, त्यांच्याच बोलीत, शुद्धलेखनाचे गुण न कापता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं आणि नातवंडांनी उतरवून काढावं. सार्वजनिक ग्रंथालयानं एक कपाट मोकळं करून द्यावं. नगरपालिकेनं जुने ठराव आणि जन्म-मृत्यूची रजिस्टरं निदान बघायला द्यावीत. महाविद्यालयांतल्या उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. रेल्वेला विनंती अशी, की पूर्णेच्या शेडची जुनी हजेरीपुस्तकं, नकाशे, फोटो कुठे पडून असतील तर ते भंगारात जाऊ देऊ नयेत. अण्णांच्या पिढीतले वाफेच्या इंजिनावर काम केलेले जे थोडे लोक आहेत ते नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडे तरी याच वर्षी गेलं पाहिजे.

पैशाची अडचण सांगितली जाईल. त्या खेड्यांनी वर्गणी काढली होती आणि छपाईआधीच प्रती विकल्या होत्या. आपल्याकडे सप्ताहाला आणि जयंतीला घराघरांतून वर्गणी निघते, कुणी नाही म्हणत नाही. पहिल्या वर्षी पुस्तक नाही झालं तरी चालेल. लिहिलेली पानं एका जागी जमा झाली तरी खूप आहे.

आपल्याकडे एकच मागणं आहे. परभणी जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा एक चौकट द्यावी. एका आठवड्यात एक घर, नाव-गाव त्या कुटुंबाच्या परवानगीनं. सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूरचे वाचकही लिहितील, कारण त्यांच्याकडेही हेच चाललं आहे. पहिला मजकूर म्हणून आमच्या क्वार्टरच्या ओळीतल्या सहा घरांची माहिती मी लिहून काढली आहे. त्यातल्या तीन घरांतल्या मुलांशी फोनवर बोलून ती तपासूनही घेतली आहे. आपण होकार कळवलात की पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पूर्णा, जि. परभणी